पुण्यापुरतं इंग्रजी

रोहणा
२८ ऑगस्ट २०२५

मीराबाई,

नमस्कार. पत्र पाहून घाबरू नोको, कोणी मेलं नाई. फोन काऊन नाई केला म्हणशीन, त तुह्या कानाचं यंत्र तू डब्बीत जपून ठेवतं अन् फोनवर नुसती हो हो करतं. मागच्या साली असंच हो हो करता करता रूपरावच्या पोरीची अख्खी वरात तू आपल्या घरी उतरवून घेतली, अन् मंग शिव्या मले देल्ल्या. म्हणून लिहून राह्यली. आपला तानबा भाजीचा टेम्पो घेऊन वर्ध्याच्या मार्केटले जातेच, जाता जाता तुह्या दारात पत्र टाकन. संग भेंडी धाडली. धुतल्यावर पुसून चिराले सांगजो तुह्या सुनेले, नाईत मागच्यासारखा डिंक करून ठेवन.

आता मुद्द्याचं. आपल्या काजलचं घोडं अडलं. तुले त ठाऊक हाय, अनुप अन् सूनबाई दोघंबी पुण्याच्या कंपनीत, दोघांच्या पाळ्या उलट्या, म्हणून पोरगी रांगत होती तवापासून माह्याजवळ हाय. औंदा चौथीत गेली. औंदापासून शाळेनं गणित अन् विज्ञान इंग्रजीत सुरू केलं. अन् हे पोरगी, जे घरी मले अन् बुढ्याले बोलू देत नाई, शेजारच्या कोंबड्याले टोपणनावं ठेवते, ते इंग्रजीचा तास आला का मुकी. जूनपासून एक शब्द नाई. हेडमास्तर प्रभाकररावनं मले बलावलं. म्हणे दिवाळीपर्यंत तोंड उघडलं त ठीक, नाईत तिसरीच्या वर्गात नेऊन बसवीन.

हे मी अनुपले सांगतलं, अन् सांगून चुकली. तो म्हणे तिसरीत बसवलं त मी तिले पुण्याच्या हॉस्टेलात टाकतो, तिथं बरोबर बोलन. मीराबाई, सख्ख्या बहिणीपासून काय लपवायचं, ते पोरगी गेली त मले ह्या घरात करमणार नाई. नत्थू तुले माईत हाय, लग्नाले इतके वर्स झाले पण बोलायचं काम त्यानं माह्यावरच सोडलं.

शाळेत एक नवीन मॅडम आली, जागृती नावाची, सिंदी रेल्वेची. लहानशीच हाय. मी तिले इचारलं घरी काय करू, त म्हणे घरी आपल्याच बोलीत भरपूर बोला, एक भाषा पक्की असली का दुसरी तिच्या खांद्यावर बसून येते. अन् म्हणे नवी भाषा शिकणारं पोट्टं आधी कान भरून घेते, मंग तोंड उघडते, घाई नोको. आता सांग, इंग्रजी शिकवाचा पगार घेते अन् आपल्याले म्हणते घरी इंग्रजी बोलू नका. मले काई पटलं नाई. तुह्या घरी नातू अंकित इंग्रजी शाळेत जाते. तुले सगळं ठाऊक असन. लवकर लिहजो.

तुह्यी
सखू

*

बोरगाव मेघे
१ सप्टेंबर २०२५

सखू,

तुले अन् नत्थूभाऊले आशीर्वाद. भेंडी पोचली. माह्या कानाची अन् माह्या सुनेची काळजी तू करू नोको. वरात उतरवली त काय झालं, सगळे जेवून माह्यं नाव घेऊन गेले.

ते सिंदीची मॅडम अजून कच्ची हाय. घरी आपलंच बोलायचं त शाळेत कायले धाडायचं. आमचा अंकित पाह्य. त्याच्या शाळेत बाकापासून बादलीपर्यंत सगळ्याले इंग्रजी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या हायेत. पोट्टं जाता येता वाचते अन् शिकते. मी अंकितले बसवून तुह्यासाठी चिठ्ठ्या लिहून घेतल्या, इंग्रजीच्या खाली मराठी अक्षरातबी लिवाले लावलं, म्हंजे तुलेबी समजन. तानबाजवळ पाकीट देल्लं हाय. दार, खिडकी, खुर्ची, चूल, माठ, पाटा, सगळं हाय. कणकेच्या खळीनं चिकटव, निघणार नाई.

दुसरं, रोज सांजच्याले अर्धा घंटा घरात मराठी बंद. ज्याले बोलायचं त्यानं इंग्रजीत बोलाचं, नाईत चूप राहाचं. नियम म्हंजे नियम, नत्थूभाऊलेबी सूट नाई.

इतकं केलं त काजल पटपट बोलन. मी सांगून राह्यली ना. अंकितची इंग्रजी अशी हाय का परवा पिझ्झावाला दारात आला त त्याच्यासंग सगळं इंग्रजीत बोलला. तो पिझ्झावाला मराठीत उत्तर देत होता ते सोड.

मीराबाई

*

रोहणा
५ सप्टेंबर २०२५

मीराबाई,

तुह्या चिठ्ठ्याले आग लागो. रागावू नोको, आधी ऐक.

मी दिवसभर खळ शिजवून शंभर ठिकाणी चिकटवत बसली. खुर्चीवर नत्थू झोपलता. मी म्हणलं उठा, त तो काई उठला नाई, म्हणून चिठ्ठी खुर्चीच्या पाठीले लावली अन् गेली. खळ ओली होती. बुढा उठला त चिठ्ठी त्याच्या सदऱ्याले. तसाच ग्रामपंचायतीकडं गेला, पाठीवर चेअर. भैय्याजी दुकानदारानं पुढं येऊन हातात हात घेतला, म्हणे अभिनंदन, सोसायटीचे चेअरमन झाले अन् सांगतलंबी नाई, बाकीचे अक्षरं पडले का. यानं नाई म्हणायचं का नाई. हा बुढा चहा पिऊन आला. मंग दोन जणं घरी कर्जाचा अर्ज घेऊन आले.

घरी बकरीनं दार खाल्लं. म्हंजे दाराची चिठ्ठी. खळीचा वास आला असन तिले. मंग वाऱ्यानं अर्ध्या चिठ्ठ्या उडाल्या, मी उचलून लावल्या, पण कोणती कुठची मले काय ठाऊक, मराठी अक्षरात लिवलं असलं तरी विंडो म्हंजे काय हे थोडी लिवलं होतं. झोपाच्या वक्ती माठावर खिडकी होती अन् चुलीवर माठ. सकाळी उठून पाह्यलं त सगळ्या चिठ्ठ्या आपापल्या जाग्यावर, नीट, एका रेषेत. काजलनं केलं असन. तिले पसारा खपत नाई, माह्यावर गेली हाय. मी म्हणलं चला, इंग्रजी नाई त नाई, पोरगी टापटिपीची हाय.

अर्ध्या घंट्याचं सांगू का. नियम पाळला. मले इंग्रजी येत नाई, नत्थूले येत नाई, काजल बोलत नाई. घरात असं शांत झालं का शेजारची सुलोचनाबाई धावत आली, इचारे कोणाले काई झालं का. नत्थू मात्र खूश हाय. आज त्यानं मले बोटानं इचारलं का अर्ध्याचा एक घंटा नाई का करता येत.

मले रडू येऊन राह्यलं अन् तुले हसू येत असन. दुसरं काई सांग.

सखू

*

बोरगाव मेघे
९ सप्टेंबर २०२५

सखू,

हसली. इतकी हसली का यंत्र कानातून पडलं. नत्थूभाऊले सांगजो का चेअरमन झालेच हायेत त माह्या नावानं एक म्हैस मंजूर करा.

चिठ्ठ्यात खोट नाई, तुह्या खळीत हाय. बरं जाऊ दे. आता मले दुसरं सुचून नाई राह्यलं. अंकितले इचारलं तुले इंग्रजी कशी आली, त म्हणे कार्टून पाहून. मी त्याच्या शाळेची इतकी तारीफ तुह्यापुढं केली अन् हा असं म्हणते. हे कोणाले सांगू नोको.

भुलाबाई बसल्या असतीन ना तिकडं पौर्णिमेले. आमच्या बोरगावात आता कोणी बसवत नाई, पोट्ट्या क्लासले जातात. कोजागरीपर्यंत रोज सांजच्याले गाणे म्हणत आपण किती घरं फिरत होतो. गाणे झाले का झाकलेला डबा हालवून खिरापत ओळखाची, अन् तू डब्याले नाक लावून ओळखत होती. मले आज सगळा दिवस तेच आठवून राह्यलं.

मीराबाई

*

रोहणा
१६ सप्टेंबर २०२५

मीराबाई,

तू भुलाबाईचं लिवलं अन् त्याच दिवशी गंमत झाली. सांजच्याले पोट्ट्या गाणे म्हणत माह्या आंगणात आल्या, त जागृती मॅडम माह्याच घरी बसलती, काजलची चौकशी कराले. तिनं खिरापतीचा खेळ पाह्यला. डबा वाजला का पोट्ट्या कशा तुटून पडतात, गोड का, तिखट का, गोल का, शिजवलेली का, तुले माईतच हाय. मॅडमचे डोळे चमकले. म्हणे वर्गात मी ह्याईच्या तोंडून एक प्रश्न काढाले मरून राह्यली अन् अठी ह्या थांबत नाईत. दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीतल्या सगळ्या बायाले सांगतलं का उद्यापासून भुलाबाईची खिरापत इंग्रजीत.

आता असं सांगतल्यावर बाया काय समजतीन. सगळ्या कामाले लागल्या. सुलोचनाबाईनं कुकरात केक लावला, तो शिटीतून बाहेर आला. कोपऱ्यावरचीनं नूडल केले. मी म्हणलं आपण कमी नाई, मी पावात बटाटा घालून सँडविच केले. इंग्रजी खिरापत म्हणलं ना. सगळ्या गल्लीत एक घर नाई जिथं इंग्रजी शिजलं नाई. पोट्ट्याईनं डबा न हालवताच ओळखलं, वासच येत होता. पाचव्या घरी त पोट्ट्या म्हणाल्या, काकू, आता साध्या लाह्या द्या. मॅडम कपाळाले हात लावून ओट्यावर बसली. तिचं म्हणणं होतं का खिरापत आपलीच, ओळखणं इंग्रजीत.

मंग जमलं. आता रोज आपलंच असते, शिंगोडे, लाह्या, उकडलेल्या शेंगा, पातोड्या. मॅडमनं पोट्ट्याले थोडे प्रश्न शिकवून देल्ले, गोड हाय का, लाल हाय का, असे. अन् नियम असा का इंग्रजी अडलं त मधात आपला शब्द घालाचा, कोणी हसाचं नाई. बायाबी खेळून राह्यल्या. शिंगोड्याच्या दिवशी एका पोट्टीनं इचारलं का ह्याले शिंगं हायेत का, अर्धं इंग्रजी अर्धं आपलं, अन् मॅडमनं टाळ्या वाजवल्या. शिंगोड्याचं इंग्रजी मॅडमलेबी येत नव्हतं. ते म्हणे मीबी शिकून राह्यली.

पण काजल चूपच. खेळते, हसते, डब्याजवळ बसते, पण इंग्रजीत हूं का चूं नाई. जिंकते कोण, त सुलोचनाबाईची नात रोशनी. रोज. शिंगोडे तिनंच ओळखले, पातोड्या तिनंच. सुलोचनाबाई आता रस्त्यानं अशी चालते का जशी रोशनी कलेक्टर झाली. पोट्टी चांगली हाय पण, जिंकलेल्या खिरापतीतला अर्धा वाटा रोज काजलच्या हातावर ठेवते. दोघी एकमेकीच्या कानाले लागूनच बसतात. मले तिचा हेवा वाटते, खरं सांगून राह्यली. माह्यी पोरगी कमी काय म्हणून.

दिवाळी जवळ येऊन राह्यली, अन् अनुप कोजागरीले येतो म्हणे.

सखू

*

बोरगाव मेघे
१९ सप्टेंबर २०२५

सखू,

तू खरंच बह्याड हाय का सोंग करतं? काखेत कळसा अन् गावाले वळसा. रोशनी रोज जिंकते, काजल तिच्या कानाले लागून बसते, अन् रोशनी अर्धी खिरापत तिले देते. अशी फुकट अर्धी खिरापत कोणती पोट्टी देते? आपण सख्ख्या बहिणी, तू मले कधी शेंगेचं टरफल देल्लं नाई. अन् रातून चिठ्ठ्या बरोबर जाग्यावर कोणी लावल्या? टापटीप म्हणे. तिले सगळं येते, सखू. ते मुद्दाम बोलत नाई.

आता काऊन ते ऐक. काल अनुपनं अंकितच्या मोबाईलवर मले लिहून धाडलं. म्हणे मावशी, मी काजलले दर रविवारी फोनवर सांगतो, बेटा, तू इंग्रजी बोलाले लागली का लगेच तुले पुण्याले घेऊन जाईन, मोठ्या शाळेत टाकीन, तरीबी पोरगी बोलत नाई, काय करू.

वाचून मी डोक्याले हात लावला. त्याले वाटते तो लालूच देऊन राह्यला. पोरगी ऐकते का इंग्रजी बोलली का आजी सुटली. म्हणून तोंड शिवून बसली. अन् तिले हे ठाऊक नाई का नाई बोलली तरीबी बाप हॉस्टेलात टाकणार हाय. बोलली त पुणं, चूप राह्यली त पुणं.

तिले काई इचारू नोको, घाबरन. पण काईतरी कर.

मीराबाई

*

रोहणा
२५ सप्टेंबर २०२५

मीराबाई,

तुह्यं पत्र मी न्हाणीत बसून वाचलं अन् तिथंच रडली. मंग तोंड धुऊन बाहेर आली अन् काजलले पुरणपोळी करून घातली. नत्थू इचारे आज कोणता सण. मी म्हणलं खा चुपचाप.

मी त्या पोरीले मुकी म्हणून कोणाकोणापुढं रडली. अन् ते माह्यासाठी तोंड दाबून बसलती. मले आनंदबी झाला अन् असं वाटलं का हे इतकंसं पोट्टं माह्यापाई शाळेत ढ म्हणवून घेऊन राह्यलं. दोन्ही एकाच वक्ती कसं होते ते मले सांगता येत नाई.

मंग मले एक तोड सुचली. मी तडक शाळेत गेली अन् जागृती मॅडमले एका कोपऱ्यात घेतलं. म्हणलं, मॅडम, माह्या काजलले पास होण्यापुरतं इंग्रजी येऊ द्या, पुण्यापुरतं येऊ देऊ नका. तिसरीत बसणार नाई इतकं बोललं पायजे, पण बापाच्या नजरेत भरन इतकं नाई. मधलं. तुमच्याजवळ तसं काई माप असन ना, कमी जास्त कराचं.

मॅडम आधी हसली, मंग मी सगळं सांगतल्यावर तिचेबी डोळे भरले. म्हणे काकू, असं माप आमाले कोणी शिकवलं नाई. म्हणे वर्गातबी काजल रोशनीच्या कानात सांगते हे मले दिसते, मी मुद्दाम दोघीले एका बाकावर बसवलं, तिचं तिनं ठरवलं का बोलन. पण पोरीनं कमी बोलावं म्हणून मी काई करणार नाई, माह्याच्यानं होणार नाई. तुमाले वाटते ते तुमीच अनुपदादाले सांगा. मॅडम लहान हाय पण ठाम हाय. मले राग आला, आता उतरला.

आता अनुपले कसं सांगू. पोरगी त्याची हाय. मी कोण अडवणारी. उद्या म्हणन आईनं स्वतःच्या सुखासाठी पोरीचं नुकसान केलं. तूच त्याले मोबाईलवर लिहून धाड ना. तू मोठी हाय, तुह्यं ऐकन.

सखू

*

बोरगाव मेघे
२९ सप्टेंबर २०२५

सखू,

मी काई लिहणार नाई. अंकितले सांगून ठेवलं का अनुपचा मेसेज आला त मावशी झोपली सांग.

तुले तोंड हाय. कोंबड्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यासंग चालते, पोराजवळ आलं का बसते. नातीनं शाळेत बोललं नाई म्हणून गावभर रडली, अन् तू स्वतः काय करून राह्यली? पोरगी तुह्यावरच गेली, टापटिपीत नाई, ह्याच्यात. तू बोलली त तो नाई म्हणन. म्हणू दे. पण त्याले ठाऊक त होईन का त्याच्या आईले काय पायजे. आजवर तू त्याले कधी सांगतलं का काजल मले पायजे म्हणून? नाई. तू म्हणतं, राहू दे बाप्पा माह्याजवळ, तुमाले त्रास नोको. तो बिचारा समजते का आईवर ओझं टाकलं.

कोजागरीले मी येणार होती, पण गुडघा सुजला. बाकी पत्रात लिहजो. खिरापत अशी कर का कोणाच्या बापाले ओळखू येऊ नये.

मीराबाई

*

रोहणा
९ ऑक्टोबर २०२५

मीराबाई,

कोजागरी झाली. बसून वाच.

शेवटचा दिवस, म्हणून भुलाबाई माह्या आंगणात. गल्लीतल्या सगळ्या बाया, पोट्ट्या, दूध आटत होतं. अनुप दुपारीच आलता. सांजच्याले जागृती मॅडम हेडमास्तर प्रभाकररावले घेऊन आली. त्याले म्हणे, सर, जरासं नुसतं बसा अन् ऐका. पण तो मास्तर, तो कसा बसते. गाणे संपून डबा निघाला अन् दोन चार प्रश्न झाले का तोच खुर्ची पुढं ओढून खेळाले लागला.

खिरापत म्हणून मी कोहळ्याचे गोड बोंडं तळलते. घर आमचं म्हणून डबा काजलच्या हातात. ओळखणाऱ्यानं इंग्रजीत इचाराचं, अन् डबेवाल्यानं हो का नाई ते सांगाचं. काजल नुसती मान हालवत होती. रोशनीच्या कानात सांगाले आज कोणी नव्हतं, म्हणून तेबी हरली. प्रभाकररावनं गोड हाय का इचारलं, मान हो. गरम हाय का, हो. पिवळं का, हो. बस, त्याच्या गाडीतलं तेल संपलं. मंग काईबाई इचाराले लागला. म्हातारं हाय का, असंबी इंग्रजीत इचारलं. पोट्ट्या लोळून हसल्या. तो म्हणे ह्या डब्यात काई नाईच हाय, मले उघडून दाखवा. मॅडमनं सांगतलं, सर, हरलो म्हणा, तेबी इंग्रजीत.

तेवढ्यात अनुप उठला. पाहुण्यापुढं त्याले लाज वाटली असन. म्हणे सगळ्याच्या पोट्ट्या बोलून राह्यल्या अन् माह्यी नुसती मान हालवून राह्यली, आता मी काई ऐकत नाई, दिवाळीनंतर हॉस्टेल. जागृती मॅडम घाईघाईनं म्हणे, नाई दादा, तिले सगळं येते, वर्गात तिच्याएवढं कोणालेच येत नाई. मॅडमनं चांगल्यासाठीच सांगतलं. पण अनुपचं तोंड असं फुललं, म्हणे मंग त पुण्यालेच चालली माह्यी बेटी, मोठ्या शाळेत.

दोन्हीकडून तेच. अन् मीराबाई, काजलनं डबा खाली ठेवला. उभी राह्यली. बापाकडं पाह्यलं अन् म्हणे,

"नो. आय अ‍ॅम नॉट गोइंग."

दूध उतू गेलं, कोणी उठलं नाई. प्रभाकररावची सवय जाते थोडी, त्यानं बोट वर करून इचारलं, "व्हाय? फुल सेंटेन्स."

"बिकॉज आजी इज हिअर," काजल म्हणे.

अनुप माह्याकडं वळला. म्हणे आई, हे तू शिकवलं का तिले. मले इंग्रजी येत नाई, पण ते काय म्हणे ते मले समजलं होतं. अन् मंग मी बोलली. तुह्या शिव्या आठवत होत्या म्हणून असन. मी म्हणलं, "नाई शिकवलं. पण ते खरं बोलली. अनुप, मले काजल पायजे. ओझं म्हणून नाई, मले पायजे म्हणून. तू म्हणशीन ते शाळा करू, म्हणशीन तितकं इंग्रजी करू, पण अठी."

सगळ्या बायापुढं. सुलोचनाबाईपुढं.

मले वाटलं अनुप आता चिडन. पण त्याचा आवाजच बदलला. म्हणे, "अन् मले नोको का माह्यी पोरगी? मी दर रविवारी फोनवर कायले जीव टाकून राह्यलो?" मीराबाई, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. मी आपलं माह्यंच धरून बसलती. लालूच नव्हती ते, त्याले पोरगी पायजे होती.

उत्तर काजलनं देल्लं. ते त्याच्याजवळ गेली, त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं अन् म्हणे, "पप्पा, यू कम. मम्मी ऑल्सो कम."

प्रभाकरराव तोंड उघडून काईतरी सुधारून सांगणार होता, त मॅडमनं त्याच्या तोंडात बोंड घातलं. खरंच घातलं, मी पाह्यलं. ते चावून झाल्यावर तो एवढंच म्हणे, चौथीतच बसन पोरगी, अन् आणखी एक मागतलं. अनुप ओट्यावर बसला, काजलले मांडीवर घेतलं, इतकी मोठी झाली तरी. खाता खाता रडला. नत्थू त्याच्या बाजूले जाऊन बसला अन् काई बोलला नाई, पण बसला.

अनुप मंगळवारच्या गाडीनं जाणार होता. आज गुरुवार, अजून अठीच हाय. देवळीकडच्या कारखान्यात काई काम हाय का पाहून येतो म्हणून आज सकाळी नत्थूची सायकल घेऊन स्टँडवर गेला. मिळन का नाई ते देवाले ठाऊक, मी काई धरून बसली नाई. पण काल त्यानं सूनबाईले फोन केला तवा मी दारातच होती. म्हणे दिवाळीले येशीन त पुण्याची आपली गॅसची शेगडीबी संग घेऊन येजो.

सखू